कागद स्क्रीनवर पाहिला, तळटीप मात्र मूळ अंकाची: हे चालतं का?

कोरा_ताव

इतिहासावरचे हल्लीचे प्रबंध वाचताना एक गोष्ट सतत खटकते. तळटिपांत जुन्या वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, रकाना सगळं शिस्तीत दिलेलं असतं, जणू लेखकाने महिनोन्‌महिने धूळ खात ते अंक चाळलेत. प्रत्यक्षात शोधखिडकीत एक शब्द टाकलेला असतो, आलेल्या ढीगभर निकालांतले चार-पाच उचललेले असतात. त्याबद्दल अवाक्षर नाही.

कॅनडाचे इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं. 'टोरांटो स्टार' आणि 'ग्लोब अँड मेल' ही टोरांटो शहराची दोन वर्तमानपत्रं ऑनलाइन शोधता येऊ लागली आणि कॅनडाच्या इतिहासावरच्या प्रबंधांत त्यांचे हवाले धडाधड वाढले. ज्यांचं डिजिटायझेशन झालं नव्हतं त्यांची अशी चलती झाली नाही. म्हणजे देशाच्या इतिहासात कुठलं शहर ठळक दिसणार, हे काही अंशी स्कॅनरने ठरवलं.

डिजिटल संग्रह वापरू नका असं मी म्हणत नाही. पण कोणत्या संग्रहात, कोणत्या तारखेला, कोणता शब्द टाकून शोधलं ते लिहा. नाहीतर ती तळटीप अर्धसत्य आहे.

सनावळी

असहमत. मायक्रोफिल्म (अंकांची फिल्मवर घेतलेली बारीक छायाचित्रं) वाचून मूळ अंकाचा हवाला देणं वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. वाचकाला कागदापर्यंत पोचवणं हे तळटिपेचं काम. लेखक तिथे चालत गेला की गाडीने, याच्याशी वाचकाला काय करायचंय?

आणि अभिलेखागारात तरी आपण काय करतो? सूचीत बघतो, त्यातल्या नोंदींवरून गठ्ठे मागवतो. ती सूची करणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटलं आणि त्याने काय गाळलं, हे कुणी तळटिपेत लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

कोरा_ताव

@सनावळी, मायक्रोफिल्मवर अंक पहिल्या पानापासून फिरवावा लागे. हवी ती बातमी येईपर्यंत बाजारभाव, जहाजांच्या वेळा, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती डोळ्यांखालून जात. त्यातूनच त्या बातमीचं वजन कळे. शोधात कात्रण तेवढं हातात पडतं.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'ट्युबरक्युलोसिस' शोधून काही हाती लागणार नाही, कारण तो शब्द रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधीचा शब्द 'कन्झम्प्शन', आणि त्याचा दुसरा अर्थ खप. तो टाकला की रोग्यांच्या जोडीला चहाचा खप, साखरेचा खप असलं सगळं अंगावर येतं. मग अभ्यासक वैतागून 'मृत्यू' हा शब्द जोडतो. यादी आटोपशीर होते खरी, पण जे रोगी वर्षानुवर्षं खोकत जगले ते तिच्यातून बाहेर पडतात. पुढे प्रबंधात निष्कर्ष येतो की त्या काळी या रोगाची चर्चा मृत्यूच्या संदर्भातच होत असे! आता ही चाळणी वाचकाला सांगायची की नाही?

पानउलट्या

यात ओसीआरची, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखण्याची, भर घाला. आपल्याला स्क्रीनवर दिसतं ते पानाचं चित्र. शोध चालतो तो त्यामागे लपलेल्या, यंत्राने वाचलेल्या मजकुरावर. साधारण १८०० पर्यंतच्या इंग्रजी छपाईत 'एस'चं एक लांबुडकं रूप असे, यंत्र ते बिनदिक्कत 'एफ' वाचतं. फिकट शाई आणि एकमेकांत घुसलेले रकाने वेगळेच. शून्य निकाल आले तर तो विषय तिथे नाही, की यंत्राला वाचता आला नाही, हे त्या शून्यावरून कळत नाही.

सगळे संग्रह असे नाहीत, हेही सांगायला हवं. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ मधल्या सुमारे दोन लाख खटल्यांचा संग्रह घ्या. त्यातला जुना भाग दोन टंकलेखकांनी स्वतंत्रपणे टाइप केला आणि जिथे दोघांत फरक पडला ते तपासलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर यंत्राने वाचलेला मजकूर चित्राशेजारीच दिसतो आणि वाचक तो दुरुस्त करतात. म्हणून नुसतं 'ऑनलाइन पाहिलं' एवढंही पुरत नाही, संग्रहाचं नाव हवंच.

मोडीवाचक

तुमची सगळी चर्चा छापील इंग्रजीवाल्यांची. हस्तलिखितांचं काय? मोडीत लेखणी न उचलता ओळच्या ओळ ओढलेली असते, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. 'ट्रान्स्क्रिबस'सारख्या प्रणालीला हस्ताक्षर शिकवता येतं, पण त्यासाठी आधी कुणीतरी पानंच्या पानं वाचून, लिप्यंतर करून तिला द्यावी लागतात. तोवर लिपी न येणाऱ्याला स्कॅन म्हणजे नुसतं चित्र.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. फ्रान्समध्ये १८४१ सालीच परिपत्रक निघालं होतं की एका कचेरीचे कागद एकत्रच ठेवायचे, दुसरीकडच्या कागदांत मिसळायचे नाहीत. कारण पत्राचा अर्थ त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांवरून लागतो. स्कॅन सुटं सुटं चढवलं की त्या क्रमाचा बोऱ्या वाजतो. कधी कधी तर मागची बाजू कोरी समजून गाळलेली असते आणि नेमकं पत्र पोचल्याची तारीख, कारकुनाचा शेरा तिथेच. म्हणून मी कोरा_ताव यांच्या बाजूने, पण माझी अट जास्त कडक: स्कॅन पाहिलं की मूळ कागद, ते सांगाच.

तळघर

मोडीवाचक, मूळ कागदच उरला नसेल तर?

३० जून १९२२ रोजी, आयर्लंडच्या यादवी युद्धात, डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. सात शतकांचे कागद बेचिराख झाले. २०२२ मध्ये 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी' सुरू झाली. इतर देशांतल्या आणि इतर ग्रंथालयांतल्या नकला, उतारे, जुन्या अभ्यासकांची टिपणं हुडकून जळालेल्या दप्तराच्या रचनेत बसवली. म्हणजे तुमचा तो कागदांचा क्रम इथे संगणकावरच परत उभा राहिला.

अटलांटिकच्या गुलाम-व्यापाराचा संग्रहही बघा. ३६ हजारांहून जास्त सफरी. १९९९ मध्ये सीडीवर आला, २००८ मध्ये वेबवर. जहाजं अनेक देशांची, कागद अनेक भाषांतले. एकट्याने वाचनकक्षात बसून हे एका जन्मात झालं नसतं. (त्या तक्त्यात माणसं आकडे होऊन उरतात, ही टीका मला माहीत आहे. पण आकडे मांडले ते मुळात व्यापाऱ्यांच्या वह्यांनी.)

तळटिपेवर इतक्या अटी लादल्यात तर ज्यांना प्रवास परवडत नाही, त्यांचंच काम दुय्यम ठरेल. प्रत्यक्ष अभिलेखागारात जाऊन आलेल्यांची आयतीच जात तयार होईल.

सनावळी

तळघर, शंभर टक्के.

कोरा_ताव, मिलिगन यांचं निदान मान्य, तुमचं औषध अमान्य. तुमच्या नियमाने तळटीप अशी दिसेल: 'अमुक अंक, पान ३; अमुक संग्रह, १२ मार्च रोजी पाहिला; शोधशब्द कन्झम्प्शन आणि मृत्यू; निकाल २१२, वाचले ४०.' चारशे तळटिपांचा प्रबंध कोण सोसणार?

कोरा_ताव

अगदी अशीच हवी! 'निकाल २१२, वाचले ४०' हे वाचलं की मला लेखकाबद्दल आदर वाटेल.

तळघर, जात तयार होईल ती लपवल्यामुळे. सगळेच उघड लिहायला लागले तर कोण कशाला लाजेल? तारीखही उगाच मागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला, तिचा मुख्य कॅटलॉग ऑनलाइन परतला तो जानेवारी २०२४ मध्ये, बाकीच्या सेवांना आणखी वेळ लागला. संग्रह बदलतात, बंद पडतात, पानांचे पत्ते फिरतात. म्हणून मूळ अंक आणि संग्रह, दोन्ही द्या.

तळघर

कागदाचं दप्तरही कोसळतंच. मार्च २००९ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामामुळे जर्मनीतल्या कोलोनच्या शहर-अभिलेखागाराची अख्खी इमारत खाली आली. दोन्ही द्या, हे मान्य. शोधशब्दांची जंत्री प्रत्येक तळटिपेत, हे नाही.

पानउलट्या

मग शोधशब्द परिशिष्टात घाला ना. संग्रह, तारखा, शब्द, त्या शब्दांची जुनी रूपं, सगळं दोन पानांत मावतं. तळटीप आहे तशी राहू दे.

कोरा_ताव

चालेल. पण मग कोणत्या शब्दाला शून्य निकाल आले तेही त्या परिशिष्टात हवं.

सनावळी

ते मात्र मलाही वाचायला आवडेल.