लाईट गेली की ऑफिसचं दार उघडंच!

मेन दाराला कार्डवालं मॅग्नेटिक लॉक आहे, काल लाईट गेली तर नुसतं ढकललं की उघडत होतं, असं कसं चालेल?

> मॅग्नेटिक लॉक असंच असतं हो, करंट गेला की सुटणारच, आगीत माणसं आत अडकू नयेत म्हणून. १२ व्होल्टची बॅकअप बॅटरी आहे का बघा, आणि रात्री वेगळं चावीचं कुलूप लावा.

> किंवा फेल सिक्युअर स्ट्राइक (चौकटीत बसणारं इलेक्ट्रिक लॉक) लावा, करंट गेला तरी बाहेरून बंदच राहतं, आतून हँडल फिरवून निघता येतं. कार्डं साधी १२५ किलोहर्ट्झवाली असतील तर तीपण बदला, त्यांची कॉपी सहज निघते.

बॅटरी होती, टर्मिनलवर पांढरा थर चढलेला, म्हणून चाललीच नाही 🤦

> आमच्याकडे सगळं आहे, पण लोक मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतात त्याचं काय करायचं 😄