मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन ईलीहून एक दिवस नॅरोबोट
नमस्कार मंडळी, जुलैमधे आईबाबा केंब्रिजला येतायत, त्यांना एक अख्खा दिवस फेन्समधे (केंब्रिजच्या उत्तरेचा सखल, सपाट, पूर्वी दलदलीचा प्रदेश) नॅरोबोटीने, म्हणजे लांब अरुंद बोटीने, निवांत फिरवायचंय. ईलीहून ग्रेट ऊझ नदीने लिटलपोर्ट गावाकडे जायचं डोक्यात आहे, पुढे डेन्व्हर गावापर्यंत मधे एकही लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजे) नाही म्हणजे आईला दोर धरून चढउतर करायला नको, आणि बोटही माणसाच्या चालीनेच जाते. पीट (कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) सुकून खचल्यामुळे तिथली शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली गेलीयत, बाबा जन्माचे शेतकरी, त्यांना ती काळी जमीन दाखवायचीच आहे! पण बोटीत बसून बांधापलीकडचं फारसं दिसत नाही, मग वाटेत बोट बांधून बांधावर जाता येईल अशी जागा कुठेय, गुडघे दुखणाऱ्यांना झेपेल अशी? की मार्च आणि अपवेल या गावांची बाजू बरी पडेल? कोणी गेलंय का?