लष्करी तळाची क्रेन पालिकेला द्यावी का?

झुआरीकाठ:
काल इथे कुणीतरी लिहिलं, की तळावरच्या क्रेन, जेसीबी पालिकांना वापरू द्याव्यात, बदल्यात तळावरचे रस्ते-गटारं पालिकांनी सांभाळावीत, दोघांचा खर्च वाचेल. वाचून राहवलं नाही. अवजड यंत्रांच्या दुरुस्तीत माझी 22 वर्षं गेली. चालवायचं कोणी, डिझेल कोणाचं, क्रेनची बूम, म्हणजे उचलणारा लांब हात, वाकली तर भरपाई कोण देणार? आणि पावसाळ्यात क्रेन दोघांनाही एकाच दिवशी लागणार.

मोगरी:
मागे एका जूनमध्ये आमच्या घरावर आंबा कोसळला. आलेल्या माणसांकडे करवती होत्या, खोड उचलायला क्रेन नव्हती. दोन दिवस सासूबाई ओल्या पडवीत बसून होत्या आणि कुंपणापलीकडे लष्कराची क्रेन उभी दिसत होती. मला डिझेलचा हिशेब सांगू नका.

झुआरीकाठ:
ताई, उभी म्हणजे रिकामी नव्हे. धावपट्टीवर विमान अडकलं तर क्रेन त्याच क्षणी हवी.

सत्तरीकर:
मार्च 2023 मध्ये आपल्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात आग लागली, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतलं. तेव्हा जमलं ना? अमेरिकेत मॉन्टेरे शहर तिथल्या लष्करी ठाण्याच्या इमारती-रस्ते सांभाळतं. लष्कराच्याच लेखापरीक्षणात 41 टक्के बचत निघाली. 2013 च्या त्यांच्या संरक्षण कायद्याने अशा करारांना वाट करून दिली.

कुंकळ्ळीकर:
वाटून घेतलं की काय होतं ते दाबोळी विमानतळावर बघा. धावपट्टी नौदलाची, सोमवार ते शुक्रवार सकाळी त्यांचा सराव, प्रवासी विमानं उरलेल्या वेळात.

सत्तरीकर:
म्हणून तर उत्तर गोव्यात मोपाचा नवा विमानतळ झाला.

कुंकळ्ळीकर:
मोपा! काणकोणाहून पहाटेच्या विमानाला जाऊन दाखवा. गेल्या वर्षी वडिलांना उपचारासाठी मुंबईला न्यायचं होतं, मध्यरात्रीच घर सोडलं. अख्खा गोवा ओलांडेपर्यंत त्यांना गाडीत धड बसवत नव्हतं. दक्षिणेच्या माणसाचा विचार केलाय कोणी?

सत्तरीकर:
आणि आम्ही इतकी वर्षं वाळपईहून दाबोळी गाठली, त्याचं काय? तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!

झुआरीकाठ:
विमानतळाचं भांडण वेगळ्या धाग्यावर करा. सत्तरीकर बाब, मॉन्टेरेत शहर लष्कराचं काम करतं. त्यातून लष्कराची क्रेन शहराला द्यावी असं कुठे निघतं? शहराने तळाची कामं करावीत, या अर्ध्या भागाला माझी हरकत नाही, पालिकेकडे तशी माणसं असतील तर. आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यांनी सैन्याला बोलावण्याची सोय आधीपासून आहेच.

मोगरी:
एका घरावरचं झाड जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचत नाही, बाब.

झुआरीकाठ:
हे मात्र मानावं लागेल. पण मग तालुक्याला स्वतःची क्रेन मागा, चालकासकट, जून उजाडण्याआधी. सगळे कुंपणापलीकडे बोट दाखवत बसतात आणि तालुक्याची क्रेन कोणी मागतच नाही. माझा राग त्यावर आहे.