तुटलेला पार्ट भंगारात जाऊ देऊ नका

'गाडीचा पार्ट तुटून माणूस गेला तरी शेवटी ड्रायव्हरच अडकतो, कंपनीला कोण विचारतं,' असं लोक म्हणतात. होतं तसंच, पण कायदा तसा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे उत्पादनात किंवा डिझाइनमध्ये दोष असेल तर उत्पादक भरपाईला जबाबदार असतो. मृत्यूही त्यात येतो, वारस तक्रार करू शकतात, मुदत २ वर्षं. अपघात न्यायाधिकरणातला मालक आणि विमा कंपनीवरचा दावा वेगळा. त्याला ६ महिनेच.

खरी अडचण पुराव्याची. माझा चुलतभाऊ मांजरसुंब्याच्या घाटात अपघातात गेला. गाडी जेमतेम आठ महिन्यांची. पंचनाम्यात एकच ओळ: 'चालकाचा ताबा सुटला.' दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात मी वाकून पाहिलं, तर स्टेअरिंगचा टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, तुटलेला. तुटल्या जागी कडेनं तपकिरी गंज, मधे नखाएवढीच जागा चकचकीत. म्हणजे तडा आधीचाच होता, उरलेलं त्या दिवशी तुटलं. पण आम्ही दुखवट्यात, कुणाला सुचलंच नाही. गाडी पावसात पडून राहिली, सगळाच रॉड गंजला, नंतर सांगाडा भंगारात गेला. वहिनीच्या हातात काही उरलं नाही.

म्हणून कळकळीनं सांगतो, तिसऱ्या दिवसाच्या विधीची वाट बघू नका. फोटो त्याच दिवशी काढा. पार्ट सील करून फॉरेन्सिक लॅबला पाठवा, असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. आरटीओचे निरीक्षक गाडी तपासायला येतील तेव्हा घरातलं कुणीतरी तिथं उभं राहा. सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवा, कारण कंपनी पहिलं बोट देखभालीकडेच दाखवते.