कोच खेळ बघतो की पोरीचं वागणं?

एडिसनकर: इथे अमेरिकेत लेक अकरावीत आहे, टेनिस खेळते. परवा एका कॉलेजचा कोच, तिला संघात घ्यायचं का ते ठरवायला, तिची मॅच बघायला आला. तिने मॅच काढली, तरी त्याचा सूर थंडच. नंतर फोनवर म्हणाला, पहिला सेट गेल्यावर आईने बाटली पुढे केली ती तिने हिसकावून घेतली, ते खटकलं. अहो, सतरा वर्षांची पोर, सेट गेलाय! स्कॉलरशिप बॅकहँडला द्यायची की बाटली नीट धरण्याला?

शुभदा: कोचचं बरोबर आहे. यूटीआरचा, म्हणजे टेनिसपटूची पातळी सांगणारा, आकडा त्याला घरबसल्या दिसतो. तिकीट काढून येतो ते आकड्यात न दिसणारं बघायला. ज्युनियर मॅचना बहुतेक वेळा अंपायर नसतो; आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर, हे पोरांनीच सांगायचं. सेट 5-5 असा अटीतटीला आला की रेषेवर पडलेल्या बॉलवर ही काय बोलते, ते त्याला ऐकायचं असतं. शिवाय संघात आठ-दहा जणी, सिंगल्स खेळणार सहा. बाकीच्या तोंड पाडून बसल्या तर? यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच जीनो ऑरिएमा यांनी जाहीर सांगितलंय, अशांना खेळवण्यापेक्षा हरलेलं परवडलं.

बेसलाइन: ऑरिएमांना परवडतं हो, त्यांच्या दारात रांग असते! आणि कोच लोकांच्या पारखीचं कौतुक नको. 2019 चं व्हर्सिटी ब्लूज, ते कॉलेज प्रवेशातलं लाच प्रकरण, आठवा. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या माजी टेनिस कोचने लाच घेऊन भलत्याच पोरांना खेळाडू म्हणून आत घेतलं; 2022 मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. ‘स्वभाव’ हे गाळायला सोयीचं कारण आहे. आमचा मुलगा अबोल. मोठ्यांसमोर कमी बोलावं, हे आम्हीच शिकवलेलं. त्याला शेरा मिळाला, ‘एनर्जी कमी’.

शुभदा: अबोल वेगळं, उर्मट वेगळं. ज्याला हे कळत नाही तो कोच कच्चा, मान्य. पण 2018 पासून ट्रान्सफर पोर्टल आहे, कॉलेज बदलायचं असलेले खेळाडू त्यात नाव नोंदवतात. रुसलेलं पोरगं वर्षभरात दुसरीकडे जातं, कोचची मेहनत पाण्यात. तो आधीच चाचपणार ना? एडिसनकर, एक विचारू? कोचला मेल कोण लिहितं?

एडिसनकर: मीच. तिला वेळ कुठे असतो.

शुभदा: आईबापांनी लिहिलेलं दोन ओळींत कळतं हो त्यांना.

एडिसनकर: बरं, पुढची ती लिहील. बाटलीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.