लेंडीचं धरण आपल्या हद्दीत, गावं आपली बुडणार, मग तेलंगणाला पाणी कशापायी?

शिवारातला_देगलूर:
राम राम मंडळी. लई दिवसांपासून डोक्यात आहे ते आज इथं विचारतो, जाणकारांनी सांगावं. आमचं शेत देगलूर तालुक्यात, वडिलोपार्जित साडेचार एकर, सगळं कोरडवाहू. सोयाबीन काढलं की हरभरा टाकायचा आणि बोअर साथ देईल तोवर भिजवायचं. फेब्रुवारीत बोअर उचक्या द्यायला लागतो, पाच मिनिटं पाणी अन् दहा मिनिटं नुसती हवा. मी शाळेत होतो तेव्हा आजोबा म्हणायचे की लेंडी होऊ दे, उन्हाळी भुईमूग घेऊ. आजोबा गेले, वडील आता पासष्टीचे झाले, भुईमूग काय आमच्या रानात आला नाही.

आता परवा पारावर वाद झाला. माझं म्हणणं असं की धरण मुखेड तालुक्यात गोणेगावला, बुडणारी जमीन आपली, उठणारी गावं आपली, तर ६.३६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाण्यामधले २.४३ टीएमसी तेलंगणाला कशाला द्यायचे, आपल्याला ३.९३ राहतात त्यात भागणार आहे का. चुलतभाऊ म्हणतो दोन राज्यांच्या भांडणामुळंच काम एवढी वर्षं रखडलं, वाटा नसता तर कधीच झालं असतं. आणि माझी बहीण दिली आहे तेलंगणात बिचकुंद्याकडं, तिकडं गेलो की दाजी म्हणतात तुमच्या सरकारनं आमचं पाणी अडकवून ठेवलं. म्हणजे दोन्हीकडं हेच की समोरच्यानं अडवलं. खरं काय आहे?

निवृत्त_स्थापत्य:
मी पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, लेंडीवर माझी पोस्टिंग नव्हती पण सीमेवरच्या कामांच्या फायली हाताखालून गेल्यात. भाऊ, तुमचा राग समजतो पण वाट्याचा मुद्दा तुम्ही म्हणता तसा नाही. लेंडी उदगीरकडून येते, मुखेड-देगलूर करत मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे हे सगळं गोदावरी खोऱ्याचं पाणी झालं आणि त्या पाण्याची वाटणी आधीच ठरलेली आहे. ६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात करार झाला, त्यात लेंडी, निम्न पैनगंगा आणि प्राणहिता हे तीन प्रकल्प दोघांनी मिळून घ्यायचे असं तत्त्वतः मान्य केलं. पुढं गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाचा निवाडा १९८० ला आला, त्यात हे करार धरले गेले. तेलंगणा वेगळं झाल्यावर आंध्रच्या जागी ते आले एवढाच फरक. आणि पाणी फुकट नाही, खर्चाचा वाटाही त्यांच्यावर आहे. २.४३ भागिले ६.३६ करून बघा, ३८ टक्के येतं.

दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये सांगायचं तर एक टीएमसी म्हणजे साधारण २८.३, तर सगळं मिळून १८० दलघमी, आपल्याकडं १११ आणि तिकडं ६९. छोटं पाणी नाही हे. साडेचार एकरवाल्याला उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याच्या दोन-तीन पाळ्या मिळाल्या तरी घर उभं राहतं.

रखडलं कशामुळं तेही सांगतो, कारण तुमचे चुलतभाऊ इथंच चुकतात. मातीचं धरण बांधताना दोन्ही काठांकडून भराव घालत आणतात आणि मधे नदीच्या पात्रात जागा मोकळी सोडतात, पावसाळ्यात पूर तिथून जातो. तिला घळ म्हणायचं. ही घळ सगळ्यात शेवटी भरायची, आणि एकाच उन्हाळ्यात भरावी लागते, अर्धवट राहिली तर पहिल्या पुरात सगळी माती वाहून जाते. एकदा घळभरणी झाली की पाणी मागं चढणारच. म्हणून नियम असा की आधी माणसं हलवा, मग घळ भरा. लेंडीत भराव झाला, सांडव्याचं काम झालं, पण माणसं हलली नाहीत म्हणून घळ तशीच उघडी राहिली. वर्षानुवर्षं. यात हैदराबादचा काय संबंध?

बुडीतातली_सून:
काका, तुम्ही बरोबर लिहिलं, फक्त माणसं हलली नाहीत असं नका लिहू. माणसांना हलायला जागा दिली नाही असं लिहा.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा दारावर लाल रंगानं नंबर टाकलेला होता. सासूबाई म्हणाल्या मोजणीवाले टाकून गेलेत, पुसू नको, पुसला तर मावेजा मिळायचा नाही. तो नंबर मी तीन दिवाळ्यांना सारवताना सोडून सारवलाय, भिंत पांढरी अन् मधेच लाल आकडा. घर गळायला लागलं तर पत्रे बदलायचे नाहीत कारण गाव उठणार आहे. विहिरीला कर्ज मिळत नाही कारण रान बुडणार आहे. पोरांची लग्नं जमत नाहीत, पाहुणे विचारतात राहणार कुठं. मावेजा टप्प्याटप्प्यानं आला, जमिनीचा वेगळा, घराचा वेगळा, आणि मोजणीच्या वेळी जो दीर दहा वर्षांचा होता तो आता दोन लेकरांचा बाप आहे तरी यादीत त्याचं वेगळं कुटुंब नाही. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवतात, सासऱ्यांची चप्पल झिजली. नव्या गावठाणात प्लॉट दिले पण सुरुवातीला नळाला पाणी नव्हतं, धरणासाठी उठलेल्या माणसांनी टँकरची वाट बघायची.

आणि मागच्या पावसाळ्याचं तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच असेल. घळ भरून झालेली होती, १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आमच्या भागात जवळपास २०६ मिलिमीटर पाऊस पडला, रावणगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळ सगळीकडं पाणी शिरलं, हसनाळला माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. माझ्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पण त्या रात्री आम्ही लेकरं छतावर चढवली आणि यांनी कंबरभर पाण्यात जाऊन विळ्यानं म्हशींची दावी कापली. दोन सुटल्या. तिसरीचं दावं पाण्यानं फुगून घट्ट झालं होतं, ते कापेना.

दादा, तुम्ही विचारता तेलंगणाला पाणी का द्यायचं. आम्हाला कुणालाच कधी असं वाटलं नाही की त्यांना देऊ नये. आमची गावं उठणारच असतील तर जितक्या लोकांना पाणी मिळेल तितकं मिळू द्या, पण आम्हाला आधी नीट बसवा एवढंच मागत होतो.

धर्माबादचा_पोरगा:
ताई, वाचून काय लिहावं सुचत नाही.

मूळ प्रश्नावर बाभळीचं उदाहरण देतो कारण आम्ही ते रोज बघतो. बाभळी बंधारा पूर्ण आपल्या हद्दीत आहे, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर, २.७४ टीएमसीचा. पण तो तिकडच्या पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरणाच्या मागं तुंबणाऱ्या पाण्यात, फुगवट्यात येतो म्हणून आंध्र कोर्टात गेलं. जुलै २०१० ला आंध्रचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदार घेऊन बंधारा बघायला आले होते तेव्हा त्यांना अडवून आमच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं, मी तेव्हा नववीत होतो, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. सुप्रीम कोर्टाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ चा, त्यात बंधारा ठेवा म्हणाले पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं वर उचललेली राहतील आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. आता हिशोब करा, नदीला पूर असतो तेव्हा आमची दारं उघडी, आणि २९ ऑक्टोबरला दारं टाकतो तेव्हा पाऊस गेलेला असतो. नदी वाहती असली तर भरतो, नाहीतर तळाला पाणी. मोटारी टाकलेले शेतकरी काठावर बसून बघतात.

म्हणजे भांडून कोर्टात गेलं की तारखा कोर्ट ठरवतं, पाऊस त्या तारखा बघून पडत नाही. लेंडीत निदान सुरुवातीपासून दोघांचं ठरलेलं आहे, ते मोडून काढायच्या भानगडीत पडू नका असं मला मनापासून वाटतं.

जुक्कल_मंडळ:
नमस्कार. मी तुमच्या दाजींच्या बाजूचा. इकडं तेलंगणात राहतो पण घरात मराठीच, आमच्या गावात भजन मराठी, बस्ता घ्यायला अजून देगलूरलाच येतो. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन्ही मंडळं देगलूर तालुक्यातच होती, नांदेड जिल्ह्यात. राज्यं भाषेवर पडली तेव्हा ही दोन मंडळं तिकडं गेली. मग शिवारातला दादा, ज्यांना पाणी का द्यायचं असं तुम्ही विचारता ते कालपरवापर्यंत तुमच्याच तालुक्याचे होते. राग मानू नका.

आमच्या शिवाराजवळून कालवा खोदून ठेवला आहे. माझा मुलगा रांगत होता तेव्हा मशीन आलं होतं, आता तो कॉलेजला आहे. कालव्यात वेड्या बाभळी माजल्यात, काठाची माती पावसानं आत ढासळली, काही ठिकाणी लोकांनी ये-जा करायला बुजवून वाट केली. पाणी सोडलं तरी अर्ध्या वाटेत मुरणार. धरण झालं म्हणजे झालं असं नाही, कालवा परत साफ करून, उतार तपासून, चाऱ्या म्हणजे पोटकालवे दुरुस्त करून मगच टेलच्या, शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी दिसेल. गुत्तेदार बिल घेऊन गेला, कालव्याला राखण कुणी नाही.

ताईंना एवढंच सांगतो की इकडच्या लोकांना तुमची ही परिस्थिती माहीत नाही. आम्हाला एवढंच सांगितलं जातं की महाराष्ट्र काम करत नाही. मी हे वाचून दाखवणार आहे गावात.

निवृत्त_स्थापत्य:
कालव्याचा मुद्दा एकदम बरोबर. कालवा कोरडा ठेवला की अस्तर तडकतं, पूल-मोऱ्या खचतात. आपल्या बाजूलाही तेच आहे.

शिवारातला दादा, तुमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा आहे का बघा. धरणाचं पाणी मिळणार त्या लाभक्षेत्रातल्या जमिनीवर तो असतो कारण ज्यांची जमीन बुडते त्यांना ओलिताखालची जमीन द्यायची अशी कायद्यात तरतूद आहे. आणि गावात शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था करायच्या तयारीला लागा, २००५ च्या कायद्यानं संस्थेला पाणी मोजून मिळतं, सुट्या शेतकऱ्याला नमुना ७ भरून प्रत्येक हंगामात अर्ज करत बसावं लागतं. सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या संस्था एकत्र बसल्या तर पाणी कधी सोडायचं त्याचं पाळीपत्रक एकमेकांना दाखवून ठरवता येईल, बाभळीसारखी तारखांची अडचण मग येणार नाही.

शिवारातला_देगलूर:
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी आपली गावं बुडणार असं लिहिलं आणि तुमचा विचार न करता लिहिलं, माफ करा.

काका, सातबारा काढला सकाळीच. शेरा आहे. इतकी वर्षं वडील म्हणायचे हा शेरा कधी निघेल, विकायला अडचण होते. कशासाठी आहे ते आम्ही कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आज वडिलांना ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या पोरीला विचार तिसऱ्या म्हशीचे पैसे मिळाले का.

बुडीतातली_सून:
दादा, तुमच्या वडिलांना सांगा, पंचनामा झाला, पैसे आले पण म्हशीच्या निम्म्या किमतीचेही नाहीत. आणि हो, पाणी वापर संस्थेची बैठक घेतली तर मला कळवा. आमचा नवीन प्लॉट देगलूर रोडलाच आहे, मी येईन.