घरी कोम्बुचा करणाऱ्या नवख्याने पहिल्या खरेदीत पैसा कशावर घालावा : भांड्यावर की बाटल्यांवर?

किनारवारा (गुहागर)

घरी कोम्बुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेले आंबट पेय, किंवा आल्याचे फसफसणारे पेय आंबवू पाहणाऱ्या माणसाने सुरुवातीलाच अशी कोणती साधने घ्यावीत की जी पुढे टाकून द्यावी लागणार नाहीत, याविषयी माझे एक ठाम मत आहे आणि त्याला विरोध असल्यास तो मला ऐकायचा आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर किंवा वाइन करता येत नाही, तेव्हा चर्चा त्या वाटेला नेऊ नये. मात्र परदेशात घरी बिअर करणाऱ्यांच्या खरेदीच्या याद्या आपल्याकडे सर्रास वाचल्या जातात, आणि त्या जशाच्या तशा उचलल्याने नवखे लोक नको त्या वस्तूंवर पैसे घालवून बसतात, हे मी आसपास पाहत आलो आहे.

उदाहरणार्थ, त्या याद्यांत हवाबंद पिंप आणि वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप अगदी वरच्या क्रमांकावर असते. कोम्बुचाला पहिल्या टप्प्यात, म्हणजे बाटलीत भरण्यापूर्वी भांड्यात आंबताना, ती झडप नकोच असते, कारण चहातील आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. त्यांना हवे असते ते रुंद तोंडाचे भांडे आणि चिलटे आत शिरणार नाहीत असे घट्ट विणीचे सुती फडके. जाळीदार मलमलीतून चिलटे आरामात आत जातात. लोणच्यासाठी मिळते तशी चार-पाच लिटरची साधी काचेची बरणी या कामाला पुरते. म्हणून भांड्यावर कमीत कमी खर्च करावा आणि उरलेला पैसा दाब सहन करणाऱ्या बाटल्या, ग्रॅम दाखवणारा काटा आणि आम्लता मोजण्याचे साधन यांवर घालावा, असे मी म्हणतो.

धातुवेडा (रत्नागिरी)

आपल्या मांडणीतील झडपेचा मुद्दा मान्य आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. टिकाऊपणाचा विचार करायचा तर काच हा सर्वांत कच्चा पदार्थ ठरतो. भरलेली पाच लिटरची बरणी ओल्या हाताने उचलून ओट्यावरून मोरीपर्यंत नेताना काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय गरम चहा थेट ओतला तर जाड काच तडकते. त्याउलट 304 प्रतीचे स्टील, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, ते पडले तर पोचा येईल, पण फुटणार नाही, ओरखडा पडला तरी त्यावर संरक्षक थर आपोआप पुन्हा तयार होतो आणि उकळते पाणी ओतून ते निर्जंतुक करता येते. तोटी बसवलेले एक चांगले स्टीलचे भांडे एकदा घेतले की पुढच्या पिढीपर्यंत चालते. स्वस्त बरणी घेऊन मग पश्चात्तापाने भांडे घेणे म्हणजे दोनदा खर्च करणे होय.

किनारवारा (गुहागर)

कागदोपत्री आपले म्हणणे बरोबर आहे. अडचण बाजारात सुरू होते. भांड्यांच्या दुकानात ‘स्टील’ म्हणून जे मिळते त्यातील पुष्कळसे 200 मालिकेतील असते, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, आणि आम्ल व मिठापुढे ते 304 इतके टिकत नाही. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि चिकटले नाही म्हणून भांडे उत्तम असल्याचे सांगतो, परंतु 202 आणि 304 या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. नवख्या ग्राहकाला हा फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. काचेच्या बाबतीत ही फसवणूक संभवतच नाही.

दुसरे असे की आपण कोकणात राहतो आणि इथे आज ना उद्या प्रत्येक जण त्याच भांड्यात कोकमाचे आगळ घालून पाहणारच. आगळ म्हणजे आम्ल आणि मीठ एकत्र. मिठातील क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियमचा सूक्ष्म थर ठिकठिकाणी फोडतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हा दोष 304 मध्येही येतो. मॉलिब्डेनम असलेले 316 त्याला बरेच अधिक तोंड देते, पण घरगुती भांड्यांत ते क्वचितच मिळते आणि मिळाले तर महाग पडते.

साधीराहणी (वेंगुर्ले)

दोघांचेही वाचले आणि मला दोघांचीही भूमिका नवख्या माणसासाठी जड वाटते. ज्याला हे पेय आवडेल की नाही याचाच पत्ता नाही, त्याने टिकाऊपणाची चिंता आधी का करावी? बहुतेक घरांत आजीच्या काळातील चिनी मातीची बरणी पडून असते. ती घ्यावी, आणि पेय भरायला शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या वापराव्यात. या बाटल्या मुळातच वायूच्या दाबासाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचा एक गुण काचेत मुळीच नाही : बाटली हाताने दाबली की आत वायू किती झाला ते लगेच समजते. मऊ लागली तर एक दिवस थांबावे, दगडासारखी घट्ट लागली तर लगेच गार करावी. पैसा खर्च न करता शिकण्याची ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. आवड टिकली तर पुढच्या हंगामात काय घ्यायचे ते घ्यावे.

चाचणीनळी (सावंतवाडी)

साधीराहणी, बाटल्यांविषयी आपले म्हणणे मला पूर्ण पटते, पण जुन्या बरणीविषयी मी कडक विरोध नोंदवते. जुन्या किंवा कुठे बनली ते ठाऊक नसलेल्या बरणीच्या चकाकीत शिसे असू शकते, आणि आठवडाभर आत उभे राहिलेले आम्ल ते बाहेर ओढते. बरणीत लोणचे वर्षानुवर्षे ठेवले म्हणून ती सुरक्षित ठरली असे होत नाही, कारण शिशाचा परिणाम चवीत किंवा वासात कळत नाही. बरणीच्या आत केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील तर तिचा आंबवण्यासाठी वापर करूच नये.

हाच नियम तोटीच्या काचपात्रांनाही लावावा. समारंभात सरबतासाठी ठेवतात तशी जी पात्रे मिळतात, त्यांची तोटी चकचकीत दिसली तरी पुष्कळदा साध्या मिश्रधातूवर मुलामा दिलेली असते. मुलामा आतल्या बाजूने उडाला की कोम्बुचा थेट त्या धातूला लागतो. पात्र चांगले असेल तर तोटी काढून अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची किंवा खात्रीच्या स्टीलची बसवावी आणि तिचे सिलिकोनचे वायसर एक-दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत, कारण संपूर्ण जोडणीत आधी निकामी होते ते वायसरच.

श्रीवर्धनची ताई

या चर्चेत विजेचा मुद्दा कुणीच काढला नाही याचे मला आश्चर्य वाटते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. बाटलीत भरलेले पेय फ्रिजमध्ये आहे तोवर आंबण्याचा वेग मंद असतो. फ्रिज बंद पडला आणि आमच्याकडच्या 30 अंशांच्या हवेत बाटल्या आल्या की आतले यीस्ट पुन्हा जोमाने कामाला लागते.

हिशेब साधा आहे. एका लिटरमध्ये 4 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे 2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे साधारण पेयाच्या आकारमानाइतका वायू. बाजारातील फसफसत्या शीतपेयांत वायू पेयाच्या आकारमानाच्या साधारण तीन ते चार पट असतो. गोडसर चवीला बाटलीत भरलेल्या कोम्बुचात लिटरमागे 30 ग्रॅम साखर सहज शिल्लक असते, आणि ती सगळी बंद बाटलीत आंबली तर वायू शीतपेयाच्या दुप्पट होतो. चौकोनी शोभेची बाटली इथे सर्वांत आधी फुटते, कारण ताण तिच्या कोपऱ्यांत एकवटतो. मी म्हणून किनारवारांच्या बाजूने आहे : काचच हवी असेल तर गोल, जाड बुडाची, दाबासाठीच बनवलेली कडीच्या झाकणाची बाटली घ्यावी, आणि त्या बाटल्यांवर कंजुषी करू नये. भांडे कशाचेही असले तरी त्याने कुणाचा डोळा जात नाही.

साधीराहणी (वेंगुर्ले)

ताई, मग आपल्या गावोगावच्या गोटी सोड्याच्या बाटल्या का नकोत? ती जाड काच दाबासाठीच घडवलेली आहे, हिरम कॉड या इंग्रज माणसाने 1872 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तीच रचना आजही चालते. याहून टिकाऊ काय असणार?

श्रीवर्धनची ताई

बाटली टिकाऊ आहे हे खरेच, पण ती घरी भरता येत नाही. गोटी वरच्या रबरी वळ्यावर दाबून बसण्यासाठी बाटली उलटी धरून यंत्राने वायूसकट भरावी लागते. शिवाय गोटी अडकण्यासाठी मानेत जी खाच असते तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि साखरेचे पेय तिथे सुकले की बुरशीला कायमचे घर मिळते. सोडेवाल्याकडे साधे पाणी आणि वायू असतो, म्हणून त्याचे निभावते.

धातुवेडा (रत्नागिरी)

बाटल्यांचा मुद्दा मी मान्य करतो. पण किनारवारांनी आम्लता मोजण्याचे साधन टिकाऊ खरेदीत घातले आहे, ते कसे? पीएच मीटरच्या टोकाची काच वापरात नसतानाही झिजत जाते आणि एक-दोन वर्षांत आकडे भरकटू लागतात. स्वस्त पेनासारख्या मीटरचे टोक बदलता येत नाही, म्हणजे मीटरच टाकावा लागतो. खाऱ्या हवेने त्याच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो तो वेगळाच. माझे स्टीलचे भांडे त्यापेक्षा कितीतरी अधिक टिकेल.

किनारवारा (गुहागर)

आपला आक्षेप योग्य आहे आणि मी माझे विधान बदलतो : मीटर टिकाऊ नाही, तरीही तो पहिल्या खरेदीत हवा. पेयाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) 4.2 च्या खाली वेळेवर उतरला की नाही यावर ते पिण्याजोगे आहे की नाही हे ठरते, आणि चवीवरून तो अंदाज नवख्याला येत नाही. टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवले, शुद्ध पाण्यात किंवा कोरडे ठेवले नाही, आणि पीएच 4 व 7 असलेल्या दोन ठरावीक द्रावणांशी अधूनमधून जुळवून घेतले तर त्याचे आयुष्य वाढते. कागदी पट्ट्या स्वस्त आहेत, पण पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी दमट होते आणि रंग विश्वासार्ह राहत नाहीत. कोकम घातल्यावर तर पेयाचाच लाल रंग पट्टीवर चढतो, त्यामुळे मोजणी कोकम घालण्यापूर्वी करावी लागते.

चाचणीनळी (सावंतवाडी)

मला पट्ट्यांविषयी इतके कठोर व्हावेसे वाटत नाही. पीएच 2.8 ते 4.4 एवढाच पल्ला दाखवणाऱ्या पट्ट्या घेऊन घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवल्या तर आमच्याकडच्या आषाढातही त्या चांगल्या राहतात, आणि 4.2 ची रेषा ओलांडली की नाही एवढेच पाहायचे असेल तर त्या पुरतात. मीटरचे पैसे वाचवून आणखी चार चांगल्या बाटल्या घेता येतील.

धातुवेडा (रत्नागिरी)

तर मग माझी मागणी मी एवढ्यावर आणतो की चहा उकळण्याचे पातेले, नरसाळे आणि गाळणे ही तरी पहिल्यापासून खात्रीच्या 304 स्टीलची असावीत. गरम चहाशी त्यांचा संबंध थोडा वेळच येतो, मीठ त्यांना लागत नाही, आणि ॲल्युमिनियमचे पातेले चुकूनही या कामाला आणू नये, कारण कोम्बुचाचे आम्ल आणि धुण्याचा सोडा हे दोन्ही त्याला खातात. दहा लिटरच्या पुढे जाणाऱ्याने मात्र काचेचा हट्ट सोडावा. तेवढी भरलेली बरणी एकट्याने उचलणे धोक्याचे आहे, आणि तिथे आगळ वेगळ्या भांड्यात ठेवून स्टील वापरणेच योग्य, यावर मी अजून ठाम आहे.

किनारवारा (गुहागर)

पातेल्यावर आपले एकमत झाले. दहा लिटरच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे : तेवढे मोठे भांडे घेण्याऐवजी पाच लिटरच्या दोन बरण्या ठेवाव्यात, म्हणजे एकीत बुरशी धरली तर दुसरीतला जिवाणू आणि यीस्टचा थर पुढचे पेय आंबवण्यासाठी शाबूत राहतो.